फॅमिली रूम

पडदा हातानं बाजूला धरून सहादेवनं तिला आधी आत जाऊ दिलं. खोलीला उंबरा नव्हता, तरी भागिरथीनं पाऊल उचलूनच टाकलं, आणि कडेवरच्या पोरीचं डोकं चौकटीला लागू नये म्हणून वर तळहात धरला. आत फरशी बसवलेलं एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेला आरसा. पडद्याच्या वरच्या पाटीवर 'फॅमिली रूम' लिहिलेलं होतं. ते सहादेवनं तिला बाहेरच वाचून दाखवलं होतं, नव्या घराची पाटी दाखवावी तसं.

"बस," तो हळूच म्हणाला. "खुर्चीवर."

ती खुर्चीच्या टोकावर बसली. टेबलाला हात लावावा की नाही ते न कळून तिनं दोन्ही हात पोरीच्या पोटाभोवती गुंडाळले.

मागून भिमाजी आला आणि त्याच्या पाठोपाठ त्याची बायको मालनबाई. भिमाजी डेपोत सहादेवच्या वरच्या हुद्द्यावर होता. भिंगारमधली खोली त्यानंच घरमालक काकासाहेबांकडं शब्द टाकून मिळवून दिली होती, आपल्या खोलीच्या भिंतीला लागून असलेली. सहादेव नोकरीत कायम झाला, त्यात बायको पाथर्डीकडच्या गावाहून आली, तेव्हा भिमाजी हटूनच बसला होता की शनिवारी सगळ्यांनी काकासाहेबांच्या हॉटेलात जायचं.

शनिवारी भिंगारचा बाजार दिवस मावळल्यावर खरा जागा व्हायचा. पलटणीतले जवान भांग पाडून, अत्तर लावून घोळक्यानं हिंडत. बांगलादेशाच्या लढाईवरून परतलेल्यांना दुकानदार अजूनही पानाचे पैसे मागत नसत. मटणाच्या खाणावळीपुढं तर्रीचा वास रस्ताभर पसरलेला असे, तंबूतल्या सिनेमाची जाहिरात करत टांगा भोंगा वाजवत फिरे, आणि दोन पानपट्ट्यांचे दोन रेडिओ एकमेकांवर कुरघोडी करत. नगर जिल्ह्यात त्या साली दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. पण बाजारात उभं राहिलं की ते खरं वाटत नसे. येताना भागिरथी दोनदा थांबली होती. एकदा कढईतून वर येणाऱ्या जिलेब्यांपाशी, आणि एकदा नुसतीच, इतकी माणसं हसताना बघून.

"पुंजाराम, गरम काय?" भिमाजीनं पडद्यातून डोकं बाहेर काढून विचारलं.

"मालक सोडून समदं गार हाय," म्हातारा वेटर म्हणाला. "पन सांगा, तळून आनतो."

बाहेर गल्ल्यावर बसलेले काकासाहेब हसले. "ऐकतोय मी, पुंजा."

"ऐकायसाठीच बोल्लो, मालक."

भिमाजीनं पुरी-भाजी सांगितली, भजी सांगितली, आणि भागिरथीकडं वळून म्हणाला, "वहिनी, लाजायचं काम नाही. आज सहादेवला लुटायचं ठरलंय."

"व्हय," ती म्हणाली, आणि सहादेवचा पाय टेबलाखाली तिच्या पायाला लागला. "हो," ती म्हणाली.

येऊन तीन आठवडे झाले होते, पण 'हो' आणि 'नाही' अजून तिच्या जिभेवर बसले नव्हते. सहादेव रोज रात्री शिकवी. रागावत नसे. तो म्हणे, इथं आपल्याला कुणी काही विचारत नाही, तर आपण कशाला सांगायचं? गल्लीत लोकांनी आडनाव विचारलं, त्यानं 'शिंदे' सांगितलं. शिंदे म्हटल्यावर ज्याला जे समजायचं ते त्यानं समजून घेतलं. सहादेव खोटं बोलला नव्हता. पुढचं कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, एवढंच. खोली देताना काकासाहेब म्हणाले होते, "आपलीच माणसं आहात." त्या 'आपलीच'वर तो सहा महिने जगत होता.

भागिरथी लहान होती तेव्हा तिच्या घरानं, पुढं सासर होणाऱ्या घरानंही, बाबासाहेबांच्या मागं जाऊन बुद्धधर्म घेतला. देव्हारे उचलले, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. पण गाव काही बदललं नाही. गावाच्या लेखी तो महारवाडाच राहिला. पोरीचं नाव त्यांनी मोठ्या हौसेनं सुजाता ठेवलं होतं. भिंगारला आल्यावर सहादेव म्हणाला, बाहेर तिला बबी म्हणू. नावावरून माणसं ओळखतात.

पुऱ्या आल्या, टम्म फुगलेल्या. भागिरथीनं एक पुरी बोटानं दाबली आणि आतली वाफ पोरीच्या गालाला लागली तशी पोर दचकून हसली. पोरीला दोन खाली, दोन वर असे चारच दात होते. पुरीचा मऊ पापुद्रा काढून भागिरथी तिला भरवत राहिली. घरी रेशनवरच्या मिलोच्या, परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी खाऊन तोंड चरबट झालं होतं. इथं तळणाचा वास नुसता नाकात गेला तरी पोटात काहीतरी सैल होत होतं.

"दूध आहे का अंगावर?" मालनबाईनं विचारलं. ती पस्तिशीची, ठसठशीत कुंकवाची बाई होती, बोलणं पुण्याकडच्यासारखं स्वच्छ. गल्लीत कुणाचं बाळंतपण असो की सत्यनारायण, पहिली हाक मालनबाईला जाई.

"हाये... आहे. गावाकडं गेल्तं. हितं आल्यावर पुन्हा सुटलं."

"खा मग. संकोच करू नकोस. तुझं तिच्याच पोटात जाणार आहे."

पुंजारामनं पाणी अर्धा अर्धा पेलाच ओतला. "लागलं तर मागा," तो म्हणाला. "टाकू नका फक्त. टँकर परवा येनार हाय." मग चहा आला. पांढऱ्या कपाला निळी रेघ होती आणि कान धड होता. भागिरथीनं तो कान दोन बोटांत धरून पाहिला. चहा घट्ट होता, वर साय. भिमाजीनं आपला चहा दोन घोटांत संपवला आणि तो पान आणायला बाहेर पडला. सहादेव आरशात बघून मिशीवरून बोट फिरवत होता. तीन आठवड्यांत तो इतका निवांत बसलेला तिनं पाहिला नव्हता.

ती खूश होती. म्हणूनच झालं असावं ते.

चहा संपला आणि तिचे हात आपले आपणच उठले. पेल्यातलं उरलेलं पाणी तिनं कपात ओतलं, गोल फिरवलं, अंगठ्यानं काठ आतून-बाहेरून पुसला, ते पाणी बशीत घेऊन बशी विसळली, आणि खुर्चीवरून वाकून कप-बशी पडद्याबाहेर, भिंतीच्या कडेला, जमिनीवर पालथी ठेवली. मग हात मागं घेतला, चटका बसल्यासारखा, कारण कप ठेवल्यावर तिथं हात रेंगाळू द्यायचा नसतो. गावच्या स्टँडवरच्या हॉटेलात त्यांच्या कपबशा बाहेर कुडात खोचलेल्या असत. आपली आपण काढायची, मालक वरून चहा ओतणार, पिऊन झालं की धुवायची, पालथी घालायची, लांब व्हायचं. लहानपणापासून एवढ्या वेळा केलेलं होतं की त्यात मन लागत नसे.

हात मागं आला तेव्हा तिला कळलं.

सहादेवचं बोट मिशीवर थांबलं होतं. आरशात त्याचा चेहरा वाफ गेलेल्या पुरीसारखा पडला होता. बाहेर पुंजाराम फडकं खांद्यावर टाकून इकडंच येत होता.

पण त्याच्या आधी मालनबाईचा हात गेला. खाली वाकून तिनं कप उचलला, सुलटा केला, बशीत ठेवला, आणि आपल्या कपातला शेवटचा घोट त्यात ओतला. तळाशी थोडा चहा, कडेला साय. उष्टा कप. हे सगळं तिनं पोरीकडं बघून हसत हसत, पदर सावरता सावरता केलं. एखादीनं पायाखालची टाचणी उचलावी तसं.

"पोरगी ओढंल म्हनून खाली ठिवला व्हय?" पुंजाराम कप गोळा करत म्हणाला. "शानी हाय सून. आमच्या इथं रोज दोन फुटत्यात."

"हो ना," सहादेव म्हणाला. "फार ओढते ती."

पडद्याबाहेर काकासाहेब कुणाशी तरी पावसावर बोलत होते. त्यांनी मान वळवली नव्हती.

परत येताना बाजार तसाच होता. सहादेव दोन पावलं पुढं चालला. घरी आल्यावर कडी लावून तो दाराला पाठ टेकून उभा राहिला.

"कुणाला कळलं नाही," तो म्हणाला. "त्या म्हाताऱ्याला तर काहीच नाही."

"मला कळलंच न्हाई कवा..."

"राहू दे."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं सतरंजी अंथरली आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. पोरीला पाजताना भागिरथी अंधारात मालनबाईच्या त्या हाताचा विचार करत राहिली. कप जमिनीला टेकला-न-टेकला तोच तो निघाला होता. मध्ये आश्चर्य करायला सुद्धा थांबला नव्हता.

रविवारी मालनबाई दिसली नाही. सोमवारी पुरुषमाणसं डेपोत गेल्यावर, मुलगी रत्ना शाळेत गेल्यावर, मालनबाई आली. दार अर्धं लोटून घेतलं आणि पाटावर न बसता चुलीशेजारी जमिनीवरच बसली. भागिरथी भाकरी थापत होती. मिलोच्या पिठाला चिकटपणा नसतो. भाकरी उचलली की तुटे.

"गरम पाण्यात मळ," मालनबाई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "कपाचा काठ अंगठ्यानं पुसायला कुणी शिकवलं तुला?"

भागिरथीचे हात परातीत थांबले.

"आयनं."

मालनबाईनं मान हलवली. "माझ्या आईनं मला बोटाला राख लावून शिकवलं. काठाला साय राहिली म्हणून एकदा मालकानं तिच्या देखत कप फोडला होता."

तव्यावरची भाकरी करपत होती. ती कुणी उलटली नाही.

"बारा वर्षं झाली इथं," मालनबाई भिंतीकडं बघत म्हणाली. आवाज तिनं इतका खाली आणला होता की पोरीच्या खुळखुळ्यात तो बुडत होता. "तुझ्या नवऱ्याला माहीत नाही. आमच्या यांनी त्यालाही सांगितलं नाही, त्यानं यांना नाही. दोघं रोज एका डब्यात जेवतात. भावाच्या लग्नाला मी गेले नाही. आई गेली तेव्हा गल्लीत सांगितलं, यांच्या साहेबांच्या घरी काम आहे. मातीला गेले, रात्रीच्या गाडीनं आले, आणि दुसऱ्या दिवशी इथं हळदीकुंकू केलं. रत्ना काकासाहेबांच्या मुलीबरोबर एका ताटात जेवते. तिला काहीच ठाऊक नाही. आपण कोण, हे माझ्या पोरीला ठाऊक नाही."

भागिरथीनं परातीतले हात पुसले. तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"तू गावाला जा," मालनबाई म्हणाली.

"काय?"

"तुझा दोष नाही. हात ऐकत नाहीत. माझे तीन वर्षं ऐकत नव्हते. मला पित्त आहे सांगून मी कुणाकडं चहाच घ्यायची नाही."

"म्या बी न्हाई घ्यायची."

"चहा सोडशील. उद्या कुणी देवळात नेईल. तीर्थ द्यायला पुजारी पुढं आला की तुझा हात पुढं जाईल का तू मागं सरशील, हे तुला आधी कळणार नाही. आणि ही खोली आमच्या शब्दावर मिळालीय. तुमचं निघालं की लोक वळून आमच्याकडं बघणार. पुरुषांचं निभतं. ते डेपोत जातात, साहेबाची भाषा बोलतात. उघडं पडतं ते आपलं, चुलीपाशी."

भागिरथीनं पोरीला ओढून मांडीवर घेतलं. "गावाकडं हिर आटलीया," ती म्हणाली. "तिथं मी दुष्काळी कामावर खडी फोडत हुते. हिला पाटीत निजवायची, वर फडकं. तरी धूळ नाकात जायची हिच्या. दूध गेल्तं माझं. कामावर मिळालेली सुकडी पान्यात कालवून पाजली तर जुलाब झालं. हिच्या आदी एक पोरगा गेला माझा. मी न्हाई जायची."

"मी गल्लीत सांगितलं तर?"

"तर म्या बी सांगंन. तुमचं."

बोलून गेल्यावर तिलाच ते कुणी दुसऱ्यानं बोलल्यासारखं वाटलं. मालनबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, भीतीही नव्हती. बाजारात माल पारखतात तशी ती बघत होती.

"सांगशील?"

भागिरथीनं खाली बघितलं. पोर मांडीवरून घसरून रांगत मालनबाईकडं गेली होती आणि तिच्या हिरव्या बांगड्या एक एक करून ओढत होती.

"हिचं खरं नाव काय?"

"सुजाता."

मालनबाईचे ओठ हलले, आवाज झाला नाही. मग तिनं पोरीच्या कपाळावरची विस्कटलेली तीट बोटानं नीट गोल केली. "माझ्या भावाच्या मुलीचं हेच नाव आहे, असं कळलं," ती म्हणाली. "मी पाहिलेली नाही तिला."

उठता उठता तिनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

"एक कर. आज तो आला की त्याला विचार, मी गावाला जाऊ का? एवढंच. का, कशाला, काही सांगू नकोस. तो नको म्हणाला तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. जे होईल ते तुमच्याबरोबर आमचं."

"त्ये न्हाईच म्हनत्याल."

"मग झालंच तर."

"सोता न्यायला आल्ते मला. लोकांदेखत डोक्यावर बोचकं घेतलं. सासू म्हनली, पाऊस पडल्यावर ने, तर तिच्यासंगं भांडले."

"मग विचार," मालनबाई म्हणाली, आणि दार उघडून बाहेर पाऊल टाकताच शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "अहो, बबीला उष्ण झालंय थोडं, सब्जा द्यायला आले होते."

दिवसभर भागिरथी घाईत होती. का ते तिलाच सांगता आलं नसतं. पोरीला अर्ध्या बादलीत न्हाऊ घातलं, त्याच पाण्यात तिची झबली बुडवली, उरलेल्या पाण्यानं दारापुढची धूळ बसवली. डोक्याला तेल लावलं. पोरीला काजळ घातलं. मध्येच ती एकटीच हसली. केवढ्या हुशार बाईनं केवढी साधी पैज लावली होती.

दिवेलागणीला सहादेव आला. बाजारात पहिली कढई चढली होती, तळणाचा वास गल्लीत शिरत होता. तो कॉटवर बसून बुटाची नाडी सोडायला लागला. पोर त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, एक क्षण हात सोडून डुलली आणि धपकन बसली. तो हसला.

"काकासाहेब भेटले," तो म्हणाला. "विचारत होते, वहिनींना भजी आवडली का."

"तुमी काय सांगितलं?"

"आवडली म्हणालो." त्याचं हसू थोडं मागं गेलं. "पुढच्या शनिवारीही या म्हणाले."

ती चुलीपुढून उठली आणि पदराला हात पुसत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून चिमणी तिनं थोडी वर केली.

"अवो," ती म्हणाली, "मी गावाकडं जाऊ का?"

तो खाली वाकलेला होता. नाडीची गाठ अडकली होती.

"का? काय झालं?"

"काय न्हाई. सहजच."

"कुणी काही म्हणालं?"

"न्हाई."

त्यानं गाठ सोडवली. बूट काढला, उलटा करून आतली माती झटकली, दुसऱ्या बुटाशेजारी नीट ठेवला. मोजा काढून त्यात खुपसला. ती वाट बघत होती. खुळी का काय, एवढं तो म्हणणार होता. पोरीला उचलणार होता आणि म्हणणार होता, हिला तिथं काय पाजशील. ते शब्द तिच्या कानात आधीच येऊन बसले होते, त्याच्याच आवाजात.

सहादेवचे खांदे खाली आले. शनिवारपासून ते कानांशी गेलेले होते, हे तिला आता, ते खाली आल्यावर दिसलं.

"तुला करमत नसेल," तो पायाच्या बोटांकडं बघत म्हणाला, "तर मी जबरदस्ती नाही करणार."

पोर पुन्हा त्याच्या गुडघ्याला धरून उठत होती. त्यानं तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं.

"पाथर्डीची गाडी सकाळची बरी," तो म्हणाला. "त्या गाडीला बसायला जागा मिळते."